जुन्या गाडीचे उडणारे फ्यूज आणि न लागणारे लाइट: इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, या बाजूला अजून बऱ्याच घरांसमोर एखादी मारुती ८००, झेन नाहीतर सँट्रो उभी असते, क्वचित कुठं आजोबांची पद्मिनीसुद्धा. गाड्या चालतात मस्त, पण जून-जुलै आला की सगळ्यांचे तेच प्रश्न, लाइट गेला, फ्यूज उडाला, इंडिकेटर वेड्यासारखा टिकटिकतोय. उत्तरं दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी म्हणून हे. साधारण वीस-पंचवीस वर्षांच्या, १२ व्होल्टच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, नवीन गाड्यांत कॉम्प्युटर मध्ये येतो तो वेगळा विषय.

फ्यूज उडाला, नवा घातला, तोही उडाला. आता जरा मोठा घालू का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सगळ्यात वर.

फ्यूज हा बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. कंपनीनं १० अ‍ॅम्पियरचा फ्यूज दिला म्हणजे पुढची वायर त्या हिशोबानं बारीक घेतलेली असते, तिथं तुम्ही ३० चा बसवला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज शांत बसतो आणि वायर तापते, आणि ती एकटी तापत नाही, टेपमध्ये गुंडाळलेल्या शेजारच्या दहा वायरींचं प्लॅस्टिकपण वितळवते, ते सगळं डॅशबोर्डच्या मागं, कार्पेटच्या खाली, जिथं धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्याकडं रस्त्यावरचा मेकॅनिक प्रेमानं म्हणतो, "भिया, मोटा तार डाल देता हूं, फिर कभी नई उड़ेगा". खरंय त्याचं, फ्यूज नाहीच उडणार, उडायचं ते बाकी सगळं उडेल. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं हाही तोच प्रकार.

अजून एक गैरसमज म्हणजे १० चा फ्यूज १० अ‍ॅम्पियरला लगेच उडतो. तसं नसतं. पात्याच्या फ्यूजला (प्लॅस्टिकचा, दोन चपट्या पायांचा) वर छापलेल्या आकड्याच्या १३५ टक्के करंट दिला तर तो पाऊण सेकंदात पण उडू शकतो नाहीतर दहा मिनिटं पण तग धरू शकतो, दुप्पट करंटला मात्र जास्तीत जास्त पाच सेकंद. म्हणजे फ्यूज नुसता अधूनमधून, अर्ध्या तासानं वगैरे उडत असेल तर पूर्ण शॉर्ट नसून लोड थोडा जास्त झालाय (जास्त वॅटचे बल्ब, जाम झालेली मोटर, मागून जोडलेलं काहीतरी), आणि घातल्या घातल्या फट्कन उडत असेल तर वायर कुठंतरी सरळ बॉडीला टेकलीय. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी शोधाशोध वाचते.

कुठल्या रंगाचा फ्यूज किती अ‍ॅम्पियरचा?

पात्याच्या फ्यूजमध्ये रंग ठरलेले आहेत: ५ फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक किंवा पांढरा, ३० हिरवा. वर आकडा पण छापलेला असतो. रंगावर जाऊ नका, आकडा वाचा, कारण जुन्या फ्यूजचं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि ५ चा की ७.५ चा ते कळत नाही. आणि खोक्यात आधी बसलेला फ्यूज बरोबर असेलच असं धरून चालू नका, गाडी तीन हातांतून आलेली असते, कुणीतरी कधीतरी मिळेल तो खोचलेला असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता असतो, झाकण हरवलं असेल तर मॅन्युअल.

पद्मिनीवाल्यांचं वेगळं. त्यात चिनीमातीच्या छोट्या कांडीवर पत्र्याची पट्टी असते आणि दोन्ही टोकं टोकदार, पांढरा ८ चा, लाल १६ चा. हे फ्यूज उडतात कमी आणि नखरे जास्त करतात, टोकावर काळपट थर चढतो आणि करंट जात नाही. लाइट बंद करून फ्यूज जागच्या जागी बोटानं दोन-तीनदा गोल फिरवायचा, बहुतेक वेळा लाइट परत येतो. मग सवडीनं सगळे काढून क्लिपा पॉलिश पेपरनं घासायच्या आणि थोड्या आत वाकवून पकड घट्ट करायची. अ‍ॅम्बेसिडरच्या काचेच्या फ्यूजमध्ये तार आतल्या टोपीत तुटते, बाहेरून अख्खी दिसते, म्हणून त्याला डोळ्यांनी पास करू नका.

फ्यूज तर चांगला दिसतोय, तरी लाइट नाही. असं कसं?

दिसण्यावर काही नसतं हो. टेस्ट लँप घ्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हरसारखा दिसतो, आत छोटा बल्ब, वायरीच्या टोकाला क्लिप. क्लिप बॉडीच्या रंग नसलेल्या चांगल्या बोल्टला लावा आणि आधी बॅटरीच्या प्लसला टोक लावून लँप पेटतोय ना बघा, नाहीतर क्लिपच नीट बसलेली नसते आणि आपण तासभर गाडीला दोष देत बसतो. मग इग्निशन आणि त्या लाइटचा स्विच ऑन करा. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडी धातूची टोकं दिसतात, फ्यूज न काढता दोन्हीला लावून बघा.

दोन्हीकडं पेटला तर फ्यूज ठीक, दोष पुढं. एकीकडं पेटला दुसरीकडं नाही तर फ्यूज गेलेला. दोन्हीकडं नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाहीये, म्हणजे स्विच, रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), मेन फ्यूज किंवा इग्निशन. आणि चौथी शक्यता लोक विसरतात, फ्यूज ठीक पण ज्या खाचेत बसतो ती सैल होऊन तापलीय. फ्यूज काढून पाय बघा, एक पाय निळसर-काळा आणि बाजूचं प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसलं तर तेच. नवीन फ्यूज घालून काही होणार नाही, खाच साफ करून घट्ट करावी लागते, फारच जळली असेल तर तेवढी एक लाइन वेगळ्या फ्यूज होल्डरवर काढून घ्यायची.

मल्टिमीटर घेऊ की टेस्ट लँप पुरेल?

दोन्ही ठेवा. पण एकच घ्यायचं तर लँप. कारण जोड आतून गंजून जेमतेम टेकलेला असला तरी मीटर छान १२ व्होल्ट दाखवतो, मीटरला करंट लागतच नाही ना, आणि तुम्ही म्हणता सप्लाय येतोय. लँपला थोडा तरी करंट ओढावा लागतो, तो लगेच पिवळा पडतो. मीटर लागतो चार्जिंग बघायला आणि व्होल्टेज ड्रॉप मोजायला, ते खाली येईल.

एक सावधगिरी, एअरबॅगवाली गाडी असेल तर पिवळ्या रंगाच्या वायरींना आणि कनेक्टरला कशानंही टोचायचं नाही.

शॉर्ट नेमका कुठंय ते शोधायचं कसं? दर वेळी एक फ्यूज जाळून बघायचा का?

फ्यूज जाळत बसू नका. आधी नुसतं बघा की उडतो कधी. पार्किंग लाइट लावल्या लावल्या? ब्रेक दाबल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर? खड्ड्यात आदळल्यावर? डिक्की उघडताना? या उत्तरातच अर्धा पत्ता असतो. शेजारच्या काकांच्या झेनला मागचे लाइट जायचे ते फक्त भाजी आणायला गेल्या दिवशी, कारण डिक्की उघडली की बिजागरीजवळची वायर ताणली जायची आणि तिचं सोललेलं अंग पत्र्याला लागायचं. काकांचा संशय मात्र बॅटरीवर.

मग युक्ती. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, होल्डरसकट, त्याला दोन वायरी आणि टोकाला पात्याचे चिमटे लावा (उडालेल्या फ्यूजचे पायसुद्धा चालतात), आणि फ्यूजच्या जागी हा बल्ब बसवा. आता पूर्ण शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अ‍ॅम्पियरच्या वर करंट जाणार नाही, म्हणजे काही जळत नाही, पण बल्ब लख्ख पेटतो. त्या लाइनवरचे सगळे बल्ब आधी काढून ठेवायचे आणि बाकी काही जोडलेलं असेल तर त्याचा प्लग काढायचा, नाहीतर तेच करंट ओढतात आणि आपला बल्ब उगीच पेटलेला दिसतो. एवढं करून बल्ब पेटलाय म्हणजे शॉर्ट वायरीत आहे. आता एकानं बल्बवर नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं वायरिंग हलवत जायचं, एकेक कनेक्टर सोडवत जायचं, ज्या क्षणी बल्ब विझेल तिथं हात थांबवायचा. घरातलं पोरगं या कामाला उत्तम, त्याला मजा येते.

हलवायचं कुठं, तर या जागा ठरलेल्या आहेत. डिक्कीची बिजागरी आणि मागच्या दाराचा रबरी पाइप, त्यात वायरी वर्षानुवर्षं दुमडून तुटतात. टेपरेकॉर्डरच्या मागं, जिथं तीन वेगवेगळ्या दुकानांनी तीन वेगवेगळे सेट बसवलेले असतात आणि जुन्या वायरी तशाच टोकं उघडी टाकून मागं खुपसलेल्या असतात. नंबर प्लेटचा लाइट, कारण तिथं पाणी जातं. बंपरला कधी मार लागला असेल तर त्याच्या आतली बाजू. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच, त्याची वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकून भाजते. आणि सिगरेट लायटरचं भोक, त्यात नाणं पडलं की फ्यूज गेलाच, कुणी सांगत नाही पण आधी टॉर्च मारून आत बघा.

गणपतीत आणि दिवाळीत लावलेल्या झगमगत्या पट्ट्या, रिव्हर्सला वाजणारं गाणं, नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, हे सगळं जिथून जोडलंय ते जोड पण बघा. वायर सोलून नुसता पीळ मारून वर काळी टेप, एवढंच असतं बहुतेक, आणि मेच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन ती निसटते. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत कंपनीचं वायरिंग फारसं बिघडत नाही, नंतर घुसडलेलं बिघडतं.

वायर दुरुस्त करताना बॅटरीची मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलट केलं आणि पाना प्लसवर असताना बॉडीला लागला तर जो ठिणग्यांचा फवारा उडतो तो दिवाळीत बरा.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की मागचा लाल लाइट उघडझाप करतो. भुताटकी आहे का?

अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडं जाणारी परतीची वाट) गेलाय, दुसरं काही नाही. मागच्या दिव्यातल्या सगळ्या बल्बांची परतीची वाट एकाच काळ्या वायरीतून बॉडीत जाते. तो स्क्रू गंजला की करंटला घरी जायचा रस्ता उरत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा घुसून वाट काढतो आणि नको ते दिवे अर्धेमुर्धे पेटतात. स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून लख्ख पत्रा करा, वायरीचं रिंगवालं टोक घासा, घट्ट बसवा, वर थोडी व्हॅसलीन किंवा ग्रीस. खात्री करून घ्यायची असेल तर त्याआधी एक लांब वायर बॅटरीच्या मायनसवरून आणून दिव्याच्या काळ्या वायरीला टेकवा, सगळं एकदम नीट झालं तर निदान पक्कं.

याचा एक जुळा भाऊ आहे. मागच्या दिव्यात ब्रेक आणि टेलचा मिळून एकच बल्ब असतो, दोन तारांचा, २१ आणि ५ वॅटचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या खुंट्या कमी-जास्त उंचीवर असतात म्हणजे तो उलटा बसू नये. कुणीतरी जोर लावून उलटा बसवतो, मग टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक लाइट मरतुकडा. किंवा एका तारेचाच बल्ब त्यात कोंबतो, त्याचं एकच मोठं टोक खालच्या दोन्ही पिनांना जोडून टाकतं, आणि ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे लागतात. हसू नका, हे बऱ्याच गाड्यांत सापडतं.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतो. दुसऱ्या एका गाडीत तर नुसता लागून राहतो. कारण एकच?

हो, बहुतेक एकच: त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याला अर्थ मिळत नाहीये. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) असेल तर तो मुद्दाम भरभर वाजून सांगतो. फार जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर असतो, त्याला उघडझाप करायला पुरेसा करंट लागतो, बल्ब गेला की तो हळू होतो किंवा अडकून बसतो.

हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालतात पण इंडिकेटर चालत नाहीत, असं असेल तर फ्लॅशर बदलू नका, दोघांचे फ्यूज वेगळे असतात ते बघा. फ्यूज ठीक असेल तर हॅझार्डचं बटण पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट याच बटणातून जातो आणि ते वर्षभर कुणी दाबत नाही म्हणून आत थर चढतो.

एका बाजूचा हेडलाइट पिवळट मंद. बल्ब बदलला तरी तसाच. आता?

एकच बाजू मंद म्हणजे त्या बाजूचा अर्थ किंवा तिथला कनेक्टर. तीन पिनांचं सॉकेट काढून बघा, तपकिरी होऊन कडक झालेलं असेल तर नवीन घ्या, स्वस्त असतं, वायरीसकट मिळतं, पण त्याच्या वायरी गाडीच्या वायरीपेक्षा बारीक असतील तर दुकानातच परत करा.

दोन्ही बाजू मंद असतील तर मीटर काढा. गाडी चालू, हेडलाइट चालू, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या प्लस पिनेवर (सॉकेट बल्बवर तसंच ठेवून मागून टोचायचं). अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर मधे कुठंतरी व्होल्ट खाल्ले जातायत. तसंच मायनस बाजूला, तिथं ०.२ च्या आत हवं. हॅलोजन बल्बचं गणित असं निष्ठुर आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो.

जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला बहुधा रिलेच नसतो, सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या दांडीतल्या बारीक कॉन्टॅक्टमधून जाऊन येतो, दोन डीपर मिळून नऊ-साडेनऊ अ‍ॅम्पियर, आणि वीस वर्षांत ते कॉन्टॅक्ट खरवडून जातात. मग दांडी जरा वर धरली की लाइट लागतो, सोडली की जातो, ओळखीचं वाटतंय ना? यावर खरा उपाय म्हणजे दोन रिले. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच २० चा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ नंबरवरून बल्ब, आणि जुनी हेडलाइटची वायर आता फक्त ८५-८६ वर रिले ओढायचं काम करते. दांडीवरचा भार जातो आणि उजेड असा वाढतो की समोरचा डीपर मारतो.

फक्त एक लक्षात ठेवा, काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच प्लसला नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथं लाइट अपर-डीपर करताना बल्बची एक पिन कायम १२ व्होल्टवर राहते आणि स्विच दुसऱ्या बाजूनं अर्थ देतो. टेस्ट लँप घेऊन बसलेला माणूस इथं चक्रावतो, त्याला सगळीकडंच करंट दिसतो. अशा गाडीत रिलेची जोडणी पण त्याप्रमाणे करावी लागते, मेकॅनिकला आधी विचारा की हे त्याला माहितीये का.

मग १००/९० चे बल्ब टाकले तर? दुकानदार म्हणतो काही होत नाही.

दुकानदाराचं खरंच काही होत नाही. साधा बल्ब ६०/५५ वॅटचा, अपरला एकाला ५ अ‍ॅम्पियर. १०० वॅटला ८.३, दोन मिळून १६ च्या वर. त्या वायरी, तो स्विच, ते सॉकेट यांपैकी कुणीच एवढ्यासाठी बनवलेलं नाही. वर रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा उष्णतेनं करपतो, म्हणजे काही महिन्यांनी जास्त वॅट घालूनसुद्धा कमी उजेड. त्यापेक्षा रिले, स्वच्छ अर्थ, आणि काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या.

आणि एलईडी?

आतल्या छताच्या दिव्याला, नंबर प्लेटला, डॅशबोर्डला खुशाल लावा. इंडिकेटरला लावला तर फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखा वाटून तो भराभर टिकटिकतो, मग फ्लॅशरच बदलावा लागतो. हेडलाइटमध्ये नको. तुमचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या जागेचा हिशोब करून बनवलाय, एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघत नाही, तो सगळीकडं फाकतो, तुम्हाला समोरची झाडं दिसतात आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. रिंग रोडला रात्री दहानंतर निघा एकदा, अर्धं शहर तसंच चाललेलं असतं.

बल्ब सारखे उडतात. महिन्या-दोन महिन्यांनी एक.

गाडी चालू करून, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास ठीक. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, बल्ब तर उडतीलच, बॅटरीचं पाणी पण उडेल. व्होल्टेज पाच टक्के जरी वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

व्होल्ट ठीक असेल तर दिव्याचा होल्डर हलतोय का बघा, आपल्या कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर तार तुटायला वेळ लागत नाही. आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते. लागलंच तर स्पिरिटनं पुसून घ्या.

ब्रेक लाइट एकही लागत नाही / बंदच होत नाही.

दोन्ही एकदम गेले म्हणजे बल्ब नव्हे, फ्यूज किंवा पेडलवरचा स्विच. स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा, लाइट लागला तर स्विच बदला. आणि बंदच होत नसेल, सकाळी बॅटरी बसलेली असेल, तर वाकून पेडलजवळ बघा, जिथं स्विचचं टोक टेकतं तिथं एक छोटी रबर-प्लॅस्टिकची बुशी असते, ती जुनी होऊन चुरा होऊन खाली पडते आणि स्विचचं टोक भोकात शिरून बसतं. पायाखालच्या मॅटवर निळे-पांढरे तुकडे सापडले की समजायचं.

पावसाळ्यातच का होतं हे सगळं?

दोन कारणं, पाणी आणि उंदीर.

पाणी पुढच्या काचेच्या सुकलेल्या रबरातून डॅशबोर्डच्या मागं उतरतं आणि फ्यूज बॉक्सवर ठिबकतं, पायांवर पांढरा-हिरवट थर दिसला की तेच. नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही, रबर बदला. मागच्या दिव्यात पाणी साचलं असेल तर गॅस्केट बदला, आणि खालचं पाणी निचरायचं बारीक भोक चिखलानं बुजलंय का बघा. वायपरचा फ्यूज पावसात उडतो तो बरेचदा काचेवर चिकटलेल्या सुक्या ब्लेडमुळं, मोटर अडली की करंट वाढतो. सुरू करण्याआधी ब्लेड हातानं उचलून बघायची सवय ठेवा.

उंदरांचं काय सांगू, शहर कितीही स्वच्छ झालं तरी पावसात बिळात पाणी शिरलं की त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते. डांबराच्या गोळ्या, तंबाखू, सगळे उपाय लोक करतात, माझ्या पाहण्यात त्यातल्या त्यात उपयोगी म्हणजे गाडी रोज हलवणं आणि रात्री गाडीत शेव-परमलचं पाकीट न ठेवणं. कुरतडलेल्या वायरी टेप गुंडाळून सोडू नका, तेवढा तुकडा कापून नवीन जोडून वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) घाला.

रात्री घाटात हेडलाइट गेले तर?

ओंकारेश्वरहून येताना भेरू घाटात, किंवा मुंबई रोडला मानपूरच्या पुढं, ट्रक मागं असताना असं झालं तर आधी हॅझार्ड लावा आणि डावीकडं रुंद जागा बघून गाडी काढा. थांबायला जागा मिळेपर्यंत डीपर मारायची दांडी ओढून धरून बघा, काही गाड्यांत फ्लॅशची लाइन वेगळी असते आणि तो लागतो. फॉग लँप असतील तर ते.

थांबल्यावर मोबाइलच्या टॉर्चनं फ्यूज बघा. हेडलाइटचा गेला असेल तर तेवढ्याच अ‍ॅम्पियरचा दुसरीकडचा काढून बसवा, टेपचा, लायटरचा, ज्याच्यावाचून अडत नाही त्याचा. रिले असेल तर हॉर्नचा रिले बहुतेक तसाच असतो, पिना आणि नंबर जुळले तर अदलाबदल करून बघा. बसवलेला फ्यूज लगेच उडाला तर पुन्हा प्रयोग नको, लोकांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, मागं त्रिकोण ठेवा आणि मदत बोलवा. पुढच्या गाडीच्या मागं मागं अंधारात उतरू, असं म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक गाडीत असतो, त्याचं ऐकू नका.

सामान कुठं घ्यायचं, आणि कुठलं काम स्वतः करायचं नाही?

छोटी ग्वालटोलीकडं पार्ट्सची दुकानं आहेत, जुना फ्यूज किंवा होल्डर हातात घेऊनच जा, नाव सांगत बसू नका. फ्यूज नामांकित कंपनीचेच घ्या, सुटे मिळणारे बिनानावाचे फ्यूज वेळेवर उडतच नाहीत, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. गाडीत कायम ठेवायचं ते एवढंच: प्रत्येक नंबरचे दोन फ्यूज, एक हेडलाइटचा बल्ब, एक ब्रेकचा, एक इंडिकेटरचा, टेस्ट लँप, टेप, छोटा पाना.

फ्यूज, बल्ब, अर्थ साफ करणं, सॉकेट बदलणं, हे घरी जमतं. बॅटरीजवळचा मेन फ्यूज उडाला असेल, वायरिंगचा जुडगा करपलेला असेल, जळका वास येत असेल पण दिसत काही नसेल, तर बॅटरी काढून ठेवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. चांगला म्हणजे जो आल्या आल्या बल्ब बदलत नाही, टेस्ट लँप काढतो.

गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणी पुढं वाढवायचीय. लाइट बघतात का?

बघतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढं ५-५ वर्षांनी वाढवून मिळते, त्याआधी गाडी तपासली जाते. हेडलाइटचे अपर-डीपर, इंडिकेटर, ब्रेक, टेल, रिव्हर्स, नंबर प्लेटचा लाइट, आणि हॉर्न, सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी एकाला मागं उभं करून तपासून घ्या. नंबर प्लेटचा लाइट सगळ्यात जास्त विसरला जातो, तो बल्ब ५ वॅटचा असतो आणि त्याचे दोन स्क्रू गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या आठवड्यातच त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.